कोठीतली गाडी कुणाची

अरकाची दारू गाळायच्या दिवशी झाहलेतल्या बितारांच्या अंगणात भांडण झालं नाही असं एकही वर्ष आठवत नाही. कधी बडीशेप किती घालायची यावरून, कधी पहिला पेला कुणाच्या हातात द्यायचा यावरून. म्हणून त्या सकाळी कोठीतून आवाज चढू लागले तेव्हा भट्टीपाशी बसलेल्या नुहानं मान वर करूनही पाहिलं नाही. तांब्याच्या हंड्यावर झाकण बसवून त्याच्या सांध्यांना ती ओली कणीक लिंपत होती.

"सुरू झाले," ती म्हणाली. "इथं अजून थेंब पडला नाही, आणि यांना तिकडे चढलीसुद्धा."

द्राक्षाच्या मांडवाखाली, वेताच्या खुर्चीत तिची काकू अद्ला कॉफी पीत बसली होती. "फायेझचा आवाज थेट नख्लेसारखा झालाय," ती म्हणाली. "शब्द कळत नाहीत, नुसता हुकूम ऐकू येतो."

नुहा हसली. तिच्या वडिलांची, नख्ले बितारांची, ते गेल्यानंतरही थट्टा करायची मुभा या घरात फक्त काकूला होती. काकूचा नवरा शुकरी हा नख्लेचा धाकटा भाऊ. युद्धाच्या दुसऱ्या वर्षी त्याला दाहर-अल-बैदरच्या घाटात बंदूकधाऱ्यांच्या एका नाक्यावर अडवलं आणि तो परत आला नाही. तोही नाही आणि त्याची गाडीही नाही. एवढं सोसलेल्या बाईनं थोडंफार बोललं तर चालायचं. थोडंफारच.

कोठीत नुहाचा भाऊ फायेझ कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्या पायाशी, काळ्या मर्सिडीझखालून दोन पाय बाहेर आले होते. पायांत पॉलिश केलेले बूट होते.

"मुअल्लिम होव्सेप," फायेझ पायांना उद्देशून म्हणाला, "गाडी नवी करायला बोलावलंय तुम्हाला. तिची सोयरीक नाही जमवायची. घराणं कशाला विचारत बसलाय?"

पाय हलले आणि होव्सेप बाहेर आला. अंजर गावचा हा आर्मेनियन गृहस्थ इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवून निवृत्त झाला होता आणि आता जुन्या गाड्या उभ्या करायचा. गळ्यातला रेशमी रुमाल तो गाडीखाली शिरतानाही काढत नसे, आणि स्वतःचा आवाज त्याला फार आवडे.

"मिस्टर फायेझ, एकदा घासायला सुरुवात केली की गाडी सगळं विसरते. म्हणून आधी विचारून घ्यायचं. जगात कुठेही हीच पद्धत आहे. निदान माझ्या जगात."

"बरं, काय म्हणाली ती?"

"खोटं बोलते आहे." होव्सेपनं बॉनेटखाली बोट दाखवलं. "इथे कंपनीची पट्टी असते. हिच्यावर एक चासी नंबर. आणि तिथे खाली, चाकामागे, सांगाड्याच्या तुळईवर ठोकलेला नंबर वेगळाच. सगळा अजून वाचता आलेला नाही, गंज आहे. पण जेवढा दिसतोय तेवढा जुळत नाही. पट्टी काढून दुसरी लावता येते. तुळई नाही."

"म्हणजे तुळई चुकीची," फायेझचा मुलगा जाद म्हणाला. तो आखातातून कायमचा परत आला होता. बेरदौनी नदीच्या काठावर त्याचं नवं हॉटेल होतं, आणि या गाडीसाठी त्यानं दाराशी काचेची खोली बांधून घेतली होती. तिच्यावर लावायचा फलकही तयार होता: नख्ले बितार यांची गाडी, दमास्कस–झाहले–बैरुत.

होव्सेपनं त्याच्याकडे नापास मुलाकडे पाहावं तसं पाहिलं.

फायेझ मात्र मोठ्यानं हसला. "अहो, एवढंच ना! मुअल्लिम, तुम्हाला आमच्या लाल प्लेटची गोष्ट माहीत नाही."

ती गोष्ट झाहलेत सगळ्यांना माहीत होती. उतारू न्यायचा परवाना लाल नंबरप्लेटवर असे, आणि भावांना बापाकडून प्लेट मिळाली होती एकच. मग दोघांनी एकसारख्या दोन काळ्या मर्सिडीझ घेतल्या. खरी प्लेट एका गाडीला लागली, दुसरी प्लेट दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडून करून घेतली. एक गाडी दमास्कसला असली की दुसरीनं बैरुतला असायचं. एकदा श्तूराला हिशोब चुकला. शिपाई लब्ने-रोटी खात उभा, आणि त्याच्या डावीकडून एक आणि उजवीकडून एक अशा दोन्ही गाड्या त्याच्यासमोर येऊन थांबल्या. नख्ले काच खाली करून शिपायाला म्हणाला, "शावीश, कालची अजून उतरली नाही वाटतं?" शिपाई रोटी टाकून घरी गेला.

फायेझ ही गोष्ट फार छान सांगायचा. दारात उभी असलेली वदादही दरवर्षी हसायची. ती शुकरीची एकुलती मुलगी. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, आईला घेऊन दरवर्षी या दिवशी येणारी. आज ती हसली नाही, कारण होव्सेप हसला नव्हता.

"तपासणीच्या वेळी पट्टी बदलली असेल," फायेझ म्हणाला. "इंजिनं तर चपलांसारखी बदलायचे दोघे."

"मग विषय संपला," जाद म्हणाला. "खालचा नंबर घासून टाका आणि पट्टीवरचा ठोका. कोण वाकून बघणार आहे?"

होव्सेपनं चष्मा काढला. "तरुण माणसा, मला तू चोर समजतोस का?"

"चोर कसला? आमचीच गाडी, आमचाच नंबर."

"एका गाडीचं नाव दुसरीला चिकटवायचं असेल तर मी पाने-पक्कड उचलून घरी जातो. असली कामं करणारे पुष्कळ आहेत. त्यांचे बूट असे नसतात."

"कुणीही काही घासणार नाही," वदाद म्हणाली.

फायेझ वळला. "तुझा काय संबंध?"

"दोन्ही गाड्या एकाच प्लेटवर होत्या ना? आत्ताच हसत हसत सांगितलंस. मग ही कुठली, ते मलाही कळू दे."

"कुठली म्हणजे? तुझ्या वडिलांची गाडी गेली, वदाद. त्यांच्याबरोबर गेली. देव त्यांना शांती देवो. ही माझ्या वडिलांची. भाऊ गेल्यावर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली. असा शोक झाहलेत दुसऱ्या कुणी केलाय, सांग."

या बोलण्यावर या घरात आजवर कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. वदाद एवढंच म्हणाली, "मग उजेडात आणा. मुअल्लिमना नीट वाचू दे. तुला भीती कसली?"

फायेझला भीती नव्हती, राग होता. आपल्याच कोठीत कुणी आपल्याला आव्हान द्यावं याचा राग. त्या रागातच त्यानं जादला हाक मारली आणि बसलेल्या टायरांची ती गाडी रेटत रेटत दोघांनी अंगणात आणली.

नुहानं कणकेचे हात एप्रनला पुसले आणि जाळ कमी केला. अद्लाची कॉफी तशीच राहिली. ही गाडी तिनं शुकरी गेला त्या वर्षापासून उघड्यावर पाहिली नव्हती. कोठीच्या फटीतून ताडपत्रीचा कोपरा तेवढा दिसायचा, आणि तिकडे पाहायची तिला इच्छाही होत नसे. आपली गेली आणि त्यांची राहिली, एवढंच तिकडे बघून कळायचं. ती उठली, खुर्ची स्वतःच ओढत गाडीजवळ आणून बसली.

होव्सेप पुन्हा खाली शिरला. तारेचा ब्रश घासल्याचा आवाज येत राहिला. मग त्यानं खडू मागितला. वदादनं पर्समधून काढून दिला. शिक्षकी सुटली तरी तिच्या पर्समध्ये खडू असायचाच. त्यानं आकड्यांवर खडू फिरवला आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात वाचायला लागला.

"आठ. पाच. शून्य…"

"एक, सात, तीन," अद्ला म्हणाली.

ब्रशचा आवाज थांबला. होव्सेपचं डोकं बाहेर आलं. रुमाल काळा झाला होता. "मादाम, तुम्ही इथून वाचलंत?"

"मला चष्म्याशिवाय माझा कपसुद्धा दिसत नाही."

वदादला हे आकडे पाठ होते. तिच्या लहानपणीचं हे गाणं होतं. शाळा बुडवून आई तिला घेऊन निघायची. तुरुंगांची फाटकं, छावण्यांची फाटकं, घाटाखालची भंगाराची मैदानं. लाल प्लेट तर नख्ले काकांच्या गाडीवर घरीच होती, ती सांगून उपयोग नव्हता. म्हणून काकांनीच आईला चासी नंबर सांगितला होता, 'हा शुकरीच्या गाडीचा, हा विचार, माणूस नाही तर गाडी तरी सापडेल.' आईला लिहिता येत नव्हतं. तिनं तो पाठ केला. फाटकावरच्या प्रत्येक माणसाला ती तो म्हणून दाखवायची. पुढे बैरुतला बेपत्ता लोकांच्या नातलगांनी तंबू टाकला तेव्हा तिथेही बसायची, फोटो मांडीवर घेऊन, आणि कुणी माइक पुढे केला की आधी नवऱ्याचं नाव सांगायची, मग हा नंबर.

"आई," वदाद म्हणाली, "हा तर बाबांच्या गाडीचा."

"हो."

"हा या गाडीवर आहे."

"मला कान आहेत, वदाद."

"थांबा, थांबा," फायेझ पुढे आला. त्याचा आवाज आता खाली आला होता, पण राग तसाच होता. "काकू, घाई करू नका. त्यात काय एवढं? दोन सारख्या गाड्या, दोन नंबर. बाबांची गल्लत झाली असेल. भाऊ गेलेला, डोकं ठिकाणावर नसलेलं. आपल्याच गाडीचा नंबर सांगून बसले असतील."

"खरंय ते," नुहा लगेच म्हणाली. "काकू, बाबांना त्या वेळी स्वतःचं नाव आठवत नव्हतं. आई सांगायची ना."

"म्हणजे मी एवढी वर्षं चुकीची गाडी शोधली," अद्ला म्हणाली.

"चूक झाली असेल, काकू. माणसाकडून होते."

"आणि ही पट्टी?" वदादनं बॉनेटवर हात ठेवला. "तीही चुकून उठून बसली इथं?"

सगळ्यांनी होव्सेपकडे पाहिलं. त्यानं घसा साफ केला, पण या वेळी त्याला स्वतःचा आवाज आवडला नसावा. "कंपनीच्या रिव्हेटांची टोकं गोल असतात. ही हातानं ठोकलेली आहेत, एक तर वाकडं बसलंय. पट्टीही कंपनीची नाही, नक्कल करून मागाहून लावली आहे. कधी, ते मी सांगू शकत नाही."

"ऐकलंत? कधी ते सांगता येत नाही!" फायेझनं तेवढंच धरलं. "युद्धाच्या आधीच बदलली असेल. तपासणीसाठी. वदाद, तुला माझ्या बापाला खोटारडा ठरवायचंय, आणि तेही आमच्या अंगणात, आमची कॉफी पिऊन."

"कॉफी मी प्यायले नाही अजून."

"तोंड सांभाळून बोल!"

"का? तू सांभाळतोस?" वदादचा आवाज फाटला. "आमच्या घरात एक फोटो आणि एक नंबर एवढंच होतं, फायेझ. तुम्ही हॉटेल काढता, फलक लावता, गोष्टी सांगून लोकांना हसवता. आमच्याकडे एक नंबर! आणि तो नंबर म्हणे गल्लत!"

"बस." अद्लानं हात वर केला. "जाद, समोरचा कप्पा उघडता येतो का? उतारूच्या पुढ्यातला, कागद ठेवायचा. उघडू नकोस, पूर्ण बाहेर काढ."

"तो कशाला, आजी?"

"काढ तर."

जादनं होव्सेपकडे पाहिलं, होव्सेपनं मान हलवून पेचकस दिला. जाद आडवा होऊन आत शिरला. तो काम करत असताना अद्ला बोलत राहिली, कुणाकडे न पाहता, जणू नुहाच्या हंड्याशीच.

"मी लग्न करून आले तेव्हा आम्हाला वेगळं घर नव्हतं. याच घरात, वरच्या खोलीत. दारात सासूनं माझ्या हातावर खमिराचा गोळा ठेवला. तो चौकटीवर चिकटवायचा, बसला तर संसार बसला. मी हात वर केला, आणि पाहते तर चौकटीवर नुहाच्या आईचा गोळा आधीच. वाळून दगड झालेला. सासू म्हणाली, एका चौकटीवर दोन खमिरं नाहीत लावायची, थोरलीचं उठून जाईल. मी तशीच उभी. हातात कणीक, दारात सगळं गाव."

"आजी हे सांगायची," नुहा हळूच म्हणाली. "एका चौकटीवर दोन नाहीत. पण पुढे काय झालं ते कधी नाही सांगितलं."

"पुढे शुकरी हसला. म्हणाला, माझं घर बाहेर उभं आहे, चल. मला गाडीपाशी घेऊन गेला. कप्पा काढला, म्हणाला इथे लाव, इथे ऊन नाही, पाऊस नाही, आणि थोरल्या वहिनीची नजर नाही. मी लावला. वर नाणं दाबलं. तो म्हणाला, आता ही गाडी मी कुणाला देणार नाही आणि कुणाची घेणार नाही."

पेचकस खाली पडल्याचा आवाज आला.

"काय आहे?" फायेझनं विचारलं. मग त्यानंच वाकून आत डोकं घातलं.

खमीर उरलं नव्हतं. उंदरांनी खाल्लं असेल, झडलं असेल. पण आंबट कणकेनं रंग खाल्ला होता, आणि पत्र्यावर तळहाताएवढा गंजाचा डाग उठला होता. त्याच्या वरच्या कडेला चार बोटांच्या खोलगट खुणा. मधोमध, कसल्याशा काळ्या खपलीत, एक नाणं अजून चिकटून होतं.

फायेझ तसाच वाकून राहिला. त्याला आपल्या बापाची वीस वर्षांची किल्ली आठवली, काळ्या दोऱ्यातली, आंघोळीलाही न काढलेली. एकदा त्यानं थट्टेत ती दोऱ्यासकट ओढली होती, आणि बापानं त्याच्या थोबाडीत मारली होती. त्या वेळी त्याला वाटलं होतं, दुःख आहे, दुखावलं आपण. आज इतक्या वर्षांनी त्याचा गाल तापला. त्याला बापाचा राग आला की वदादचा, हे त्याचं त्यालाही कळलं नसावं. तो बाहेर आला तो ओरडतच.

"बरं! शुकरीकाकांची गाडी ही! मग? बाबांची घेऊन गेले असतील. भाऊ होते! भावाची गाडी घेतली तर काय झालं?"

"कुणाची घेणार नाही म्हणाला होता," अद्ला म्हणाली.

"लग्नाच्या दिवशी माणूस वाटेल ते म्हणतो!"

"फायेझ," नुहा म्हणाली.

ती अजून भट्टीपाशीच उभी होती. हंड्याच्या नळीतून पहिले थेंब पडायला लागले होते आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"फायेझ, बाबांना त्या आठवड्यात ताप होता."

"मला माहितीय. मार इल्यास संतानं वाचवलं त्यांना. आई दरवर्षी मेणबत्ती लावायची."

"हो. लावायची." लिंपायला पुन्हा उचललेली ओली कणीक नुहानं इतकी आवळली होती की ती बोटांतून बाहेर येत होती. "नाक्यावरचे लोक बाबांना शोधत होते. बाबांनी एक उतारू त्यांच्या हवाली केला नाही म्हणून. हे आपण सगळ्यांना छाती फुगवून सांगतो. मग ताप आला आणि बाबा घरात. पण मी लहान होते, वरच्या खोलीत त्यांना जेवण मीच न्यायचे. किब्बे, ऑलिव्ह, कांदा. सगळं संपवायचे. कपाळाला हात लावायला गेले तर गार होतं. मला वाटलं, ताप असाही असतो."



"स्टँडवर फेरी गाडीची लागते," नुहा पुढे म्हणाली. "ड्रायव्हरची नाही. प्लेट एक असली तरी तिथले लोक दोन्ही गाड्या ओळखायचे; जिची पाळी तीच उभी राहायला हवी, नाहीतर विचारतात. त्या पहाटे फेरी बाबांच्या गाडीची होती. गाडी निघाली नसती तर सगळ्यांना कळलं असतं, नख्ले लपलाय. म्हणून गाडी निघाली."

"नुहा, तू माझी बहीण आहेस!"

"म्हणूनच बोलतेय. परकी असते तर लाजून गप्प बसले असते."

फायेझ मांडवाच्या खांबाला टेकला. "त्यांना वाटलं असेल, शुकरीला कोण काय करणार. चेहरा बघतील, हा तो नाही म्हणतील, सोडतील. कुणालाही तसंच वाटलं असतं. वाईट हेतू नव्हता, काकू. मी बापाच्या कबरीची शपथ घेतो."

"शपथ कशाला घेतोस? मी मानते," अद्ला म्हणाली.

वदाद चमकून तिच्याकडे पाहायला लागली.

"मानते मी. भीती कुणालाही वाटते. तेव्हा सगळेच भ्यायलेले होते, मीही. शुकरीनं मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ नकोस, त्याचं तो बघेल. मीही स्वार्थीच. भावाला पुढे केलं, ते मी देवावर सोडलं असतं." ती खुर्चीचे हात धरून उठली. वदाद आधाराला पुढे आली तर तिनं तिला बाजूला केलं. "पण नंबर? तो मला त्याच सकाळी नाही दिला, भ्यायलेला असताना. महिन्यानं दिला. या मांडवाखाली, याच खुर्चीत मला बसवून, पुढ्यात कॉफी ठेवून. शुकरी ज्या गाडीतून गेला तिचा नंबर दिला असता तर ती गाडी कुणाची हे निघालं असतं. म्हणून मला त्यानं कोठीतल्या गाडीचा नंबर दिला, आणि तिच्यावर आपल्या नंबरची पट्टी ठोकली. मी म्हणून दाखवला, तर म्हणाला, नाही अद्ला, शेवटी तीन. आणि पुन्हा म्हणायला लावला. नीट पाठ करून घेतला माझ्याकडून!"

तिचा आवाज चढला नव्हता, तरी शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबली.

"मग मी निघाले. थंडीत, उन्हात, या पोरीला ओढत. लोकांचे पाय धरले. एका भंगारवाल्यानं मला दोन दिवस गाड्या उलथून दाखवल्या, बिचाऱ्यानं. एक साहेब म्हणाला, बाई, या नंबरची गाडी आमच्याकडे आलीच नाही. मी त्याला खोटारडा म्हटलं. त्याच्या आईवरून शिव्या दिल्या. तो खरं बोलत होता! गाडी इथं होती. मी रात्री येऊन तुमच्याकडे जेवायचे, आणि गाडी त्या भिंतीपलीकडे होती. तुझा बाप मला विचारायचा, काही कळलं का?"



जाद गाडीतून बाहेर आला होता. तो कुणाकडे न बघता म्हणाला, "फलक मी काढतो, आजी. तुमच्या नावाचा लावू. शुकरी बितार यांची गाडी."

"खबरदार!" वदाद म्हणाली. "आता माझ्या वडिलांच्या नावानं किब्बे विकायचे का?"

जाद लाल झाला. त्याला वाईट म्हणून नाही सुचलं ते, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

"मुअल्लिम," अद्लानं विचारलं, "ती पट्टी काढता येईल?"

"येईल, मादाम. पण माझ्या पद्धतीनं आधी फोटो घ्यावे लागतील, मग…"

"घ्या फोटो."

होव्सेपनं फोटो घेतले. मग ड्रिल आणलं. वायर नुहानं स्वयंपाकघरातून ओढून दिली, भावाला न विचारता. वाकडं बसलेलं रिव्हेट सगळ्यांत शेवटी निघालं. पट्टीखालच्या रंगात जुनी भोकं होती, जरा वर, जरा डावीकडे. शुकरीच्या पट्टीची. ती पट्टी कुठे गेली हे कुणालाच माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.

होव्सेपनं पट्टी रुमालाला पुसून अद्लाला दिली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तिच्यावरून अंगठा फिरवला, आकडे उठून होते. मग ती कप्प्याच्या जागेकडे गेली आणि आत हात घालून त्या डागावर ठेवला. बोटं आता सुजलेली, वाकडी झालेली होती. ती त्या खुणांत बसली नाहीत. तिनं दोनदा प्रयत्न केला आणि हात मागे घेतला.

"ही आमच्या दारात न्यायची," ती म्हणाली. "रंग नको, काही नको. अशीच."

"टायर गेलेत, काकू," फायेझ म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "मी… मी टायर घालून देतो. मी आणून सोडतो."

"गाडी जाद आणेल. तुला दुसरं काम आहे."

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. फायेझ तिच्यापेक्षा खूप उंच होता, तरी त्यानंच मान खाली घातली. तिनं त्याचा हात धरला, पट्टी त्याच्या तळहातावर ठेवली आणि एकेक करून त्याची बोटं मिटवली.

"ही तुझ्या बापाची गाडी. एवढीच उरलीय. शुकरी हिच्यात बसून गेला. हा नंबर अजून कुणी कुठल्याही फाटकावर विचारलेला नाही."

"काकू, आता इतक्या वर्षांनी… कुणाला विचारू?"

"मला तेव्हा कुणी सांगितलं होतं कुणाला विचारायचं?" अद्ला म्हणाली. "पाठ कर आधी. चल, म्हण."

फायेझनं मूठ उघडली. मांडवातून पडणाऱ्या उन्हात त्यानं पट्टी तिरकी धरली, आणि पहिला आकडा वाचला.

"मोठ्यानं," अद्ला म्हणाली.